सहीची जागा

खडकीच्या पॉलिक्लिनिकात माझं टोकन चौऱ्याऐंशी,
पडद्यावर एकोणचाळीस.
शुगरच्या गोळ्या अजून आलेल्या नाहीत, खिडकी सांगते,
आणि दोन माणसं सोडून पुढे
बोराटे.

सव्वीस वर्षांनी मानेवरून ओळखला.
त्या दिवशीही मी मानच पाहिली होती त्याची,
टोपी काढलेली, पट्टा काढलेला,
आणि मी कोपऱ्यात, टाइपरायटरला कागद लावून.

समरी कोर्ट मार्शल.
कोर्ट म्हणजे सीओ साहेब एकटेच.
बाजूला दोघे बसलेले, ते फक्त बसण्यासाठी.
आरोप : रजा संपल्यावर तेवीस दिवस गैरहजर.
माणमधली वाडी, बायको अडलेली, मूल आडवं,
म्हसवडपर्यंत बैलगाडी :
हे कुठल्या रकान्यात घालायचं मला कुणी सांगितलं नाही.
साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल?
बोराटे म्हणाला, उशीर झाला, साब.
मी टाइप केलं : कबूल.

चहा निवायच्या आत
चौदा वर्षं दोन महिने संपले.
पंधरा भरली असती तर पेन्शन होती.

आता तो वळला. ओळख नाही डोळ्यांत.
बाकावर सरकून जागा दिली, म्हणाला, बसा साहेब,
आणि कुणालाही सांगतात तसं सांगू लागला :
दापोडीत एटीएमबाहेर सतरा वर्षं रात्रपाळी,
आकाशी शर्ट, खांद्यावर कंपनीचा बिल्ला.
मग घोरपडीतल्या एका वकीलबाई म्हणाल्या, कागद आणा.
कागद म्हणजे काय, एक पत्र्याची पेटी.

आधी विलंबमाफीचा अर्ज.
वीस वर्षं उशीर का झाला, ते लिहून द्या.
तो हसला.
तेवीस दिवसांची माफी मिळाली नव्हती, साहेब,
वीस वर्षांची मिळाली.

वाकडेवाडीहून पहाटेची लाल बस, मुंबई, तारीख, परत.
असं नऊ वेळा. भाकरी बांधून.
आत एक न्यायमूर्ती आणि एक निवृत्त जनरल.
चार तारखांना नुसतं रेकॉर्ड मागवलं.
पाचव्या वेळी रेकॉर्ड आलं, पिवळं, टाचणीला गंज.
जनरल साहेब चष्मा वर करून वाचत होते,
एका पानावर थांबले.
कबुलीखाली आरोपीची सही कुठे आहे?
सरकारी वकील पानं उलटत राहिला,
मागून पुढे, पुढून मागे.

त्या पानावर खाली ठिपके होते म्हणे, नुसते ठिपके.

बत्तीस.
मी मोजून मारायचो.

शिक्षा रद्द. पंधरा वर्षं भरली असं धरायचं. पेन्शन द्यायची.
थकबाकी मात्र अर्जाआधीची तीनच वर्षं,
बाकीची तेवढी उशिरात गेली.
तेव्हाचं आडवं मूल आता हिंजवडीत कॅब चालवतं,
त्यानंच निकाल मोबाइलवर वाचून दाखवला,
दोनदा, कारण पहिल्यांदा आई मधेच उठून
गॅस बंद करायला गेली.

आणि बोराटे म्हणाला,
कुणीतरी क्लार्क असेल तेव्हाचा.
विसरला बिचारा, की मुद्दाम सोडली जागा,
देव जाणे. भलं होवो त्याचं.

सांगता आलं असतं, मीच तो.
मुद्दाम सोडली होती, असंही म्हणता आलं असतं,
घशापर्यंत आलंही होतं.
पण मला आठवतंय, अकरा वाजता रेशनचा हिशेब द्यायचा होता,
सुभेदार दारात उभा होता,
मी कागद ओढून काढला आणि खाली दुसरा लावला.
एवढंच.
सव्वीस वर्षांत मला तो ठिपक्यांचा कागद
एकदाही आठवला नव्हता.

एकेचाळीस, पडदा म्हणाला.
तो उठला. हातात नवं कार्ड,
वरची प्लास्टिकची पापुद्री अजून न काढलेली.
खिडकीतून वही बाहेर आली, सही करा इथे.
त्यानं खिसे चाचपले, मागे पाहिलं.
मी पेन दिलं.

त्यानं सही केली, सावकाश,
हणमंत पूर्ण, रामजी पूर्ण, बोराटे पूर्ण,
मागे रांग खोळंबली,
कुणीतरी म्हणालं, चला काका, उशीर होतोय.